कार्बनचा रोजमेळ: संस्था ‘कार्बन तटस्थ’ करायची तर सुरुवात कुठून करायची

इंदूरच्या सांवेर रोडवर शेव-नमकीनचा एक कारखाना आहे. वर्षातून दोन-तीनदा माझी तिथे फेरी असते. विजेची बिलं, मोटारी, कॉम्प्रेसर तपासणं हा माझा धंदा. २०२४च्या पावसाळ्यात गेलो तेव्हा तिथल्या सूनबाईंनी मोबाइल पुढे केला. “दादा, हे जरा बघा ना. तीन दिवस झाले, काय उत्तर द्यावं सुचत नाहीये.” जर्मनीतल्या एका घाऊक खरेदीदाराची प्रश्नावली होती. चौथाच प्रश्न: तुमची कंपनी कार्बन तटस्थ कधी होणार?

कारखान्याचे मालक काका शेजारी पोह्यांवर शेव भुरभुरत बसले होते. “तटस्थ म्हणजे आपण कुणाच्याच बाजूने नाही, असंच ना? लिहून टाक, आम्ही पहिल्यापासून तटस्थ आहोत.” मग जरा थांबून म्हणाले, “आणि दर पावसाळ्यात झाडं लावतोच की आपण.”

काकांच्या झाडांकडे नंतर येतो. त्या दिवसापासून पुढचे आठ महिने आम्ही जे केलं ते इथे पायरीपायरीने लिहितो. शाळा, मंगल कार्यालय, पतसंस्था, छापखाना, कुणालाही हाच रस्ता चालेल. आकडे कारखान्याचेच आहेत, फक्त गोल केलेले आणि ओळख पटू नये म्हणून थोडे इकडेतिकडे सरकवलेले.

आधी शब्दाची गाठ सोडवू

कार्बन तटस्थ म्हणजे काय? तुमच्या कामामुळे वर्षभरात जितका हरितगृह वायू हवेत गेला तो मोजायचा, जमेल तितका कमी करायचा आणि जो उरेल तितकाच दुसरीकडे कमी करायला किंवा हवेतून काढून घ्यायला पैसे द्यायचे. जमा-खर्च शून्यावर आला की तटस्थ. हे सगळं टनात मोजतात. वायू मात्र एकटा कार्बन डायऑक्साइड नाही. मिथेन, नायट्रस ऑक्साइड, एसी-फ्रीजमधले वायू, सगळे धरायचे. शंभर वर्षांच्या हिशेबाने एक किलो मिथेन सुमारे २८ किलो कार्बन डायऑक्साइडइतकी उष्णता अडवतो. प्रत्येकाला असा गुणक लावून सगळं एकाच नाण्यात आणतात. त्याला ‘समतुल्य’ टन म्हणतात.

‘नेट झिरो’ ही वेगळी गोष्ट आहे. लोक दोन्ही शब्द सर्रास एकाच्या जागी दुसरा वापरतात. विज्ञानाधिष्ठित उद्दिष्टांचं जे मानक २०२१मध्ये आलं त्यात नेट झिरोसाठी उत्सर्जन स्वतःच सुमारे ९० टक्के खाली आणावं लागतं. उरलेलं थोडंसंच हवेतून काढून भागवता येतं. तटस्थतेत मात्र आज फारसं काही न बदलता क्रेडिट, म्हणजे दुसरीकडे झालेल्या कपातीचा दाखला, विकत घेऊनही शून्य दाखवता येतं. या शब्दाची बदनामी झाली ती इथूनच.

कुणाला काय पडलंय

भारताने ग्लासगोच्या परिषदेत १ नोव्हेंबर २०२१ रोजी २०७०चं नेट झिरो जाहीर केलं. शेअर बाजारातल्या पहिल्या हजार कंपन्यांना सेबीच्या नियमाने २०२२-२३पासून पर्यावरण-जबाबदारीचा अहवाल देणं सक्तीचं झालं. २०२३च्या जूनमध्ये कार्बन क्रेडिट व्यापार योजनेची अधिसूचनाही निघाली. सिमेंट, पोलाद, ॲल्युमिनियम, कागद, खतं, कापड अशा भट्ट्या-बॉयलरवाल्या मोठ्या उद्योगांवर तिचा रोख आहे.

काकांना यातलं थेट काहीच लागू नाही. तरी प्रश्नावली त्यांच्या दारात आली, कारण मोठ्या कंपनीच्या उत्सर्जनात तिच्या पुरवठादारांचं उत्सर्जनही धरतात. वरून विचारणा झाली की ती घसरत घसरत सांवेर रोडपर्यंत पोहोचते. पीथमपूरला लोखंड-पोलादाचे स्क्रू, नटबोल्ट करून युरोपला पाठवणाऱ्यांची गोष्ट आणखी कडक आहे. युरोपीय संघाच्या सीमेवरच्या कार्बन शुल्काचा नुसती माहिती देण्याचा टप्पा १ ऑक्टोबर २०२३ला सुरू झाला आणि १ जानेवारी २०२६पासून खरी आकारणी लागली. पैसे तिथला आयातदार भरतो. पण तो भाव पाडून तुमच्याकडूनच वसूल करणार, हे धंद्यातल्या माणसाला सांगायला नको. शेवेला ते शुल्क नाही. काकांनी हे दोनदा विचारून खात्री करून घेतली.

माझं स्वतःचं कारण याहून साधं आहे. कार्बनचा हिशेब मांडला की ऊर्जेची गळती दिसते आणि गळती म्हणजे रोकड पैसा.

पहिली पायरी: कुंपण घाला

काय आपलं आणि काय आपलं नाही, हे कागदावर आधी लिहा. कारखाना आपला, ऑफिस आपलं, पालद्याचं गोदाम भाड्याचं पण वीजबिल आपण भरतो, म्हणजे तेही आपलं. दोन टेम्पो आपले. बाकी माल ट्रान्सपोर्टवाल्यांच्या ट्रकने जातो, ते ट्रक आपले नाहीत, पण त्यांचा धूर आपल्या मालासाठीच निघतो.

ही वर्गवारी जगभर एकाच पद्धतीने करतात. २००१मध्ये आलेल्या आणि २००४मध्ये सुधारलेल्या जीएचजी (म्हणजे हरितगृह वायू) प्रोटोकॉलमध्ये तीन खाती आहेत. स्कोप १ म्हणजे आपल्या आवारात आणि आपल्या गाड्यांत जे जळलं किंवा गळलं ते. स्कोप २ म्हणजे विकत घेतलेली वीज. स्कोप ३ म्हणजे उरलेलं सगळं: कच्चा माल, दुसऱ्यांची वाहतूक, कामगारांचं येणं-जाणं, कचरा. त्याचे १५ प्रकार आहेत.

वर्ष एप्रिल ते मार्चच धरा, म्हणजे हिशेबनीसाशी भांडण नको. आम्ही २०२३-२४ हे आधारवर्ष धरलं.

दुसरी पायरी: बिलांचा डबा

खरं काम इथेच आहे आणि लोक कंटाळतात तेही इथेच. सूनबाईंनी फरसाणाचा एक रिकामा पत्र्याचा डबा मागवला आणि सगळ्या खात्यांतून पावत्या त्यात टाकायला लावल्या. आठवड्याने डबा टेबलावर उपडा केला. विजेची बाराही बिलं सापडली. गॅसची चलनं सापडली, फक्त ऑक्टोबरची दिवाळीच्या गर्दीत हरवली होती. ती गॅसवाल्याच्या खातेउताऱ्यावरून भरून काढली. टेम्पोच्या डिझेलच्या पावत्या थर्मल कागदावरच्या, निम्म्या पांढऱ्याफटक पडलेल्या. पंपाच्या उधारीच्या वहीने वाचवलं. तुम्ही आजपासून एक सवय लावा, पावती हातात आली की लगेच फोटो.

सगळ्यांच्या नजरेतून सुटते ती एसीवाल्याची पावती. ‘गॅस भरला, ३ किलो’ एवढंच तिच्यावर खरडलेलं. तीन किलो भरला याचा अर्थ तीन किलो आधी हवेत गेला होता. आर-४१०ए या वायूचा एक किलो सुमारे २००० किलो कार्बन डायऑक्साइडला भारी पडतो, म्हणजे एका चिठ्ठीत ६ टन. तेवढ्यासाठी सव्वादोन हजार लिटर डिझेल जाळावं लागतं. काका पावती उजेडाकडे धरून बराच वेळ बघत होते.

विजेच्या बिलात एक खोच आहे. त्यावर केव्हीएएच आणि केडब्ल्यूएच असे दोन आकडे असले तर कार्बनसाठी केडब्ल्यूएच (म्हणजे युनिट) घ्या. मीटरला गुणक असेल तर नुसतं रीडिंग वजा करून चालत नाही, गुणूनच घ्यायचं. एका छापखान्याचा हिशेब माझ्याच हातून चाळीसपट कमी निघाला होता, तो याच गुणकामुळे.

तिसरी पायरी: गुणाकार

इथे इयत्ता सातवीचं गणित पुरतं. वापर गुणिले उत्सर्जन गुणांक. नेहमी लागणारे गुणांक असे: डिझेल लिटरला सुमारे २.६८ किलो, पेट्रोल लिटरला २.३ किलोच्या आसपास, एलपीजी किलोला साधारण ३ किलो. विजेसाठी केंद्रीय विद्युत प्राधिकरण दरवर्षी देशाच्या ग्रिडचा आकडा काढतं. अलीकडे तो युनिटला ०.७१ ते ०.७३ किलोच्या दरम्यान आहे. ज्या वर्षाचा हिशेब त्या वर्षाचा आकडा घ्या आणि कुठला घेतला ते शेजारी लिहून ठेवा.

आमचं पान असं भरलं. एलपीजी ६० हजार किलो, म्हणजे १७९ टन. वीज १ लाख ८० हजार युनिट, ०.७२ने १३० टन. टेम्पोंचं ६ हजार लिटर डिझेल १६ टन, जनरेटरचं ३ हजार लिटर ८ टन, एसीचा वायू ६ टन. स्कोप १ आणि २ मिळून ३३९ टन.

या पानाचा उपयोग एकच, सगळ्यात मोठी ओळ कुठली ते कळतं. काकांचा समज होता की सगळा दोष जनरेटरचा. धूर दिसतो ना त्याचा! कढईखालची निळी ज्योत दिसायला सोवळी आणि निम्म्याहून जास्त वाटा तिचाच.

आपल्या शहराचंही असंच आहे. इंदूरला नर्मदेचं पाणी सुमारे सत्तर किलोमीटरवरच्या जलूदहून घाट चढवून आणावं लागतं. ते पंप चालवायचा विजेचा खर्च महापालिकेच्या डोक्यावरचा फार जुना बोजा आहे. फेब्रुवारी २०२३मध्ये पालिकेने २४४ कोटींचे हरित रोखे सामान्य गुंतवणूकदारांसाठीही खुले केले, ते जलूद भागातल्या ६० मेगावॅटच्या सौर प्रकल्पासाठी. पथदिव्यांपासून सुरुवात केली असती तर फोटो छान आले असते. त्यांनी मोठी ओळ धरली.

स्कोप ३ला पहिल्याच वर्षी पूर्ण हात घालू नका, दमून सगळंच सोडाल. पण एकदा अंदाज घ्या. नमकीनमध्ये ती ओळ म्हणजे तेल. पामतेलाच्या एका किलोमागे किती उत्सर्जन, हे ते कुठल्या जमिनीवर पिकलं यावर ठरतं. जंगल तोडून किंवा दलदलीची पीट जमीन कोरडी करून लावलेली बाग असेल तर आकडा कित्येक पटींनी चढतो. आम्ही सगळ्यात सौम्य आकडा धरला, तरी तेलाची ओळ गॅसच्या ओळीच्या दुपटीपुढे गेली. बेसन बिचारं हलकं निघालं. हरभरा हवेतला नत्र स्वतःच मुळांशी बांधतो, त्यामुळे त्याला नत्राचं खत थोडकंच लागतं.

चौथी पायरी: कमी करा

या पायरीवर रेंगाळायला हवं, कारण पैसा इथेच वाचतो.

रविवारी कारखाना बंद असताना आम्ही गेलो. पॅकिंगची सगळी मशिनं बंद ठेवून नुसता कॉम्प्रेसर चालू केला. हवा कुणीच वापरत नाही, म्हणजे टाकी एकदा भरली की त्याने गप्प राहायला हवं. तो मात्र दर तीन मिनिटांनी दचकून उठायचा, दीड मिनिट धापा टाकायचा, पुन्हा गप्प. भारावर चाललेला वेळ भागिले भारावरचा आणि बिनभाराचा मिळून वेळ: ९० सेकंद भागिले २७०, म्हणजे ३३ टक्के. कॉम्प्रेसरच्या क्षमतेचा तिसरा हिस्सा भोकांतून जात होता. बंद शेडमध्ये कान दिला तर फुसफुस ऐकूही येत होती. साबणाचं पाणी आणि ब्रश घेऊन दोन पोरं फिरली, जिथे बुडबुडा तिथे खडूची खूण. एकवीस खुणा झाल्या. बहुतेक जागी नळीचं टोक कापून नवीन क्लिप लावली की काम भागलं. मग दाब ७ बारवरून ६ बारवर आणला. एवढ्यानेच कॉम्प्रेसरची वीज साधारण सहा-सात टक्के उतरते. पॅकिंगवाल्याने ओरड केली, “मशीन नाही चलेगी.” चालली. या एका रविवारचा खर्च चहा-कचोरीसकट दोन हजारांच्या आत आला.

कढईच्या भट्टीला बाहेरून उष्णतारोधक विटांचा नवा थर दिला, बर्नर साफ करून हवेचं प्रमाण लावून घेतलं. गॅस आठ टक्क्यांनी उतरला, म्हणजे १४ टन. पुढचा विचार पाइपच्या गॅसचा आहे. तेवढ्याच उष्णतेला नैसर्गिक वायूचं उत्सर्जन एलपीजीपेक्षा सुमारे ११ टक्के कमी असतं. बायो-सीएनजी मिळाला तर गोष्टच वेगळी. देवगुराडियाचा ओल्या कचऱ्याचा प्रकल्प १९ फेब्रुवारी २०२२ला सुरू झाला. दिवसाला ५५० टन कचरा पचवून १७ हजार किलो वायू देण्याची त्याची क्षमता आहे. कचऱ्यातून असं इंधन निघू शकतं, हे इंदूरकराला सांगावं लागत नाही. आपल्या घरची केळीची सालं त्यात गेलेली असतात.

मग छत. एक किलोवॅट सौर पॅनेलला साधारण १०० चौरस फूट जागा लागते आणि आपल्याकडच्या उन्हात वर्षाला सुमारे १४०० युनिट मिळतात. म्हणजे एक किलोवॅट, एक टन, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे. काकांच्या छतावर ७० किलोवॅट बसलं, म्हणजे ९८ हजार युनिट, ७० टन. पत्रा जुना असेल तर आधी पत्रा बदला. वर पॅनेल चढल्यावर गळती लागली की दोन्ही खर्च पाण्यात.

पंखे, दिवे, जुन्या रिवाइंड केलेल्या मोटारी या गोष्टी जळतील तशा बदलत जा. चांगलं चालणारं यंत्र फक्त कार्बनसाठी भंगारात काढू नका, नव्या यंत्रातही लोखंड असतं. एसीवाल्याला मात्र सांगा: भरण्याआधी गळती शोध, मगच सिलिंडर उघड.

सगळं मिळून ३३९चे २५०च्या आसपास आले.

पाचवी पायरी: उरलेल्याचं काय

उरलेल्या २५० टनांसाठी बाजारात कार्बन क्रेडिट मिळतं. एक क्रेडिट म्हणजे एक टन. घ्यायचंच असेल तर चार गोष्टी विचारा. तुमचे पैसे आले नसते तरी तो प्रकल्प झालाच असता का? झाला असता तर तुम्ही काहीच कमी केलं नाही. भारतातल्या ग्रिडला जोडलेल्या सौर-पवन प्रकल्पांची नवी नोंदणी मोठ्या आंतरराष्ट्रीय नोंदवह्यांनी याच कारणाने बंद केली. दुसरं, कमी केलेलं टिकणार आहे का, की उद्या जंगलाला वणवा लागला की सगळं परत हवेत? तिसरं, इथली तोड थांबवली म्हणून शेजारच्या डोंगरावर सुरू झाली का? चौथं, नोंदवहीत ते क्रेडिट तुमच्या नावाने कायमचं रद्द झालं का? अनुक्रमांकासहित तसा दाखला मिळायला हवा. दाखला नसेल तर तेच क्रेडिट उद्या दुसऱ्याला विकलं जाऊ शकतं.

आणि घोळ घालू नका. अक्षय ऊर्जा प्रमाणपत्र हे विजेच्या युनिटचं असतं, टनाचं नाही. सरकारची ‘ग्रीन क्रेडिट’ योजनाही कार्बन क्रेडिटपेक्षा वेगळी आहे. स्वतःच्या सौर विजेची प्रमाणपत्रं विकलीत तर त्या विजेचं हरितपण घेणाऱ्याचं झालं. ते पुन्हा आपल्या वहीत मांडता येत नाही.

आता काकांची झाडं. पाचशे रोपं. चांगलं वाढलेलं झाड वर्षाला ढोबळमानाने वीसेक किलो कार्बन डायऑक्साइड धरून ठेवतं. पाचशेच्या पाचशे जगली आणि मोठी झाली तर वर्षाला १० टन. दोन टेम्पोंचा धूरही त्यात पुरता बसत नाही आणि जगतात किती ते काकांच्या माळ्यालाच विचारा. झाडं लावावीत, सावलीसाठी, पाखरांसाठी. त्यांच्या जिवावर वही मिटवू नये.

दावा करताना

याच कारखान्यात पूर्वी एक सल्लागार येऊन गेले होते. एकही बिल न बघता पंधरा दिवसांत सोनेरी किनारीचं ‘कार्बन तटस्थ’ प्रमाणपत्र द्यायची त्यांची तयारी होती, फी आगाऊ. काकांनी ते घेतलं नाही, पण कारण निराळं होतं, फी जास्त वाटली. घेऊन पाकिटावर छापलं असतं तर पंचाईत झाली असती. भारतात ऑक्टोबर २०२४मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने भ्रामक पर्यावरणीय दाव्यांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वं काढली. ‘हरित’, ‘कार्बन तटस्थ’ असं छापायचं तर आधार दाखवावा लागतो. युरोपीय संघात तर फक्त ऑफसेटच्या, म्हणजे विकत घेतलेल्या क्रेडिटच्या, जोरावर एखादं उत्पादन तटस्थ आहे असं म्हणण्यावर २७ सप्टेंबर २०२६पासून बंदी लागते. जर्मनीला जाणाऱ्या पाकिटाला ते लागू पडणारच.

तटस्थतेसाठी आज धरायचं मानक म्हणजे नोव्हेंबर २०२३चं आयएसओ १४०६८-१, आणि हिशेब मांडण्याचं आयएसओ १४०६४-१. पहिल्याचा रोख असा: आधी कपात, नंतर ऑफसेट. दावा लिहिताना कुठलं वर्ष, कुठलं आवार, कुठले स्कोप, हे त्याच वाक्यात यायला हवं.

आम्ही क्रेडिट घेतली नाहीत. सूनबाईंनी चौथ्या प्रश्नासमोर लिहिलं: आम्ही तटस्थ नाही. २०२३-२४मध्ये स्कोप १ आणि २ मिळून ३३९ टन, पुढच्या वर्षी २५०, हिशेबाचं पान सोबत. पामतेलाचं काम अजून बाकी आहे, पुरवठादाराकडे मळ्यांची माहिती मागितली आहे. काकांना वाटलं, ऑर्डर गेली. खरेदीदाराचं उलट उत्तर आलं ते पामतेलाबद्दल अजून तीन प्रश्न विचारणारं. ऑर्डर होती तेवढीच राहिली.

आता दरवर्षी ३१ मार्चला संध्याकाळी तिथे एक छोटा विधी असतो. विजेच्या मीटरचा फोटो, भरलेल्या-रिकाम्या सिलिंडरांची मोजणी, टेम्पोंचं किलोमीटर. जनरेटरच्या टाकीत काका स्वतः बांबूची काठी सोडतात, वर काढून ओल्या रेघेवर अंगठा ठेवतात आणि पट्टी मागतात. सुरुवातीची शिल्लक, अधिक खरेदी, वजा आजची शिल्लक. यंदा अकरा इंच भरलं.